कुनोतील चित्ते आणि कर्जतचा माळ

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोत आले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले, आणि आफ्रिकेचे सॅव्हाना आपल्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर पोहोचले. १९५२ मध्ये सरकारदरबारी नामशेष ठरलेला प्राणी परदेशातून आणून येथे रुजवता येईल का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. ते असोत. पण या निमित्ताने जो प्रश्न विचारला जायला हवा होता, तो फारसा कोणी विचारला नाही. चित्ता ज्या प्रकारच्या भूमीवर वाढला, तशी भूमी आपल्याकडे होती कोठे आणि तिचे आपण केले काय?

तिचा एक तुकडा अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात शिल्लक आहे. रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचे, म्हणजे सुमारे ६,८०० पट मोठे. तेथे तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट पावसामागोमाग फिरतात. येथे काळविटांचा कळप कुंपणापलीकडच्या ज्वारीत शिरला, तरी तक्रार होते. तुलना हास्यास्पद वाटेल, परंतु दोन्ही ठिकाणची निसर्गरचना एकाच जातकुळीची आहे. बेताचा पाऊस, दीर्घ उन्हाळा, सलग गवत आणि त्यात विरळ विखुरलेली काटेरी झाडे. तेथे छत्रीसारख्या अकेशिया, येथे हिवर, बाभूळ, बोर. तेथे थॉमसनचे गझेल, येथे त्याचा नातलग चिंकारा. तेथे सिंह आणि रानकुत्रे, तर येथे लांडगा, तरस आणि खोकड. चंडोल, माळटिटवी, धाविक हे आपले पक्षीही याच उघड्या भूमीचे रहिवासी. त्यांना झाडांची दाटी नकोच असते.

हे साम्य वरवरचे नाही. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे सापडली असून त्यांतील काहींवर माणसाने कोरलेली नक्षी आहे. त्यांचा काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. भारतात सापडलेल्या अशा कवचांच्या डीएनए तपासणीत २०१७ मध्ये आफ्रिकेतील शहामृगाशी जवळीक दिसून आली. गोदावरीच्या खोऱ्यात पाणघोड्याचे जीवाश्म मिळाले आहेत. महाराष्ट्राच्या कोरड्या पठारावर एके काळी शहामृग धावत होता, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांतून ठळकपणे यायला हरकत नव्हती. फार मागे कशाला, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर संस्थानाने काळविटांच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणवले होते. कुनोचा प्रयोग त्या अर्थाने अगदी पहिला नव्हे.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. माळ म्हणजे मूळचे जंगल. माणसाने कुऱ्हाड चालवली, गुरे चारली, म्हणून ते उघडे पडले. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या समजुतीला जोरदार धक्का दिला आहे. त्यांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी संतसाहित्य, चरित्रे आणि लोकगीते धुंडाळून त्यांतील रानवनस्पतींचे उल्लेख गोळा केले. आढळलेल्या ४४ वनस्पतींपैकी जवळजवळ दोनतृतीयांश उघड्या माळाच्या निघाल्या. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीही येथे काटेरी झाडे आणि गवतच होते. आपल्या संतांना जे दिसत होते, ते आपल्या नियोजनकारांना दिसले नाही.

कारण कागदावर या भूमीला नावच नाही. सातबाऱ्यावर ती पोटखराबा, पडीक किंवा गायरान असते. केंद्राच्या नकाशात वेस्टलँड. आणि जी जमीन वाया गेलेली आहे, तिचे काहीतरी चांगले करायला हवे, असे कोणत्याही कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याला वाटणारच. मग २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला. केंद्राच्या हरित पत योजनेच्या फेब्रुवारी २०२४ च्या मूळ निकषांत खुरट्या व पडीक जमिनींवर हेक्टरी किमान १,१०० झाडांची अट होती. ज्या गवतात काळवीट शंभर पावले दूरचा लांडगा पाहून पळ काढतो, तेथे गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या राहिल्या की त्याचे शस्त्रच बोथट होते. अलीकडे २०२३ च्या सौर कृषिवाहिनी योजनेसाठी शासकीय जमिनींचा शोध सुरू झाला आणि गायरानांकडे लक्ष गेले. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, यात दुमत नाही. परंतु त्या गायरानावर चरणाऱ्या धनगराच्या मेंढ्या कोठे जाणार, याचे उत्तर योजनेत नाही.

संरक्षणाचा मार्गही आपण आडमुठेपणाने चाललो. १९७९ मध्ये जाहीर झालेले माळढोक अभयारण्य ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते. सोलापूर जिल्ह्यातील तालुक्यांबरोबर कर्जत, श्रीगोंदे, नेवासे यांचाही त्यात समावेश होता. गावे, बाजारपेठा, रस्ते, उसाचे मळे, सारेच अभयारण्यात. स्वतःची जमीन विकताना अडथळे आलेल्या शेतकऱ्याच्या मनात त्या पक्ष्याविषयी प्रेम कसे राहावे? २०१२ मध्ये क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. ही घट चुकीची होती, असे म्हणवत नाही. पण तोवर माळढोक हातचा गेला. देशभरात तो आता दीडशेच्या आसपास उरला असून बहुतेक राजस्थानात आहेत.

सॅव्हानाच्या जोडीला आफ्रिकेत पाणथळीही आहेत. अंगोलातील पावसाचे पाणी बोट्स्वानातील ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशात ऐन कोरड्या ऋतूत पसरते, आणि तहानलेले कळप तेथे जमतात. कर्जतलाही पाणी आहे. तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून भीमा वाहते, सिद्धटेक तिच्याच काठी. खाली उजनीचा ११७ टीएमसीचा जलाशय. हिवाळ्यानंतर पाणी ओसरू लागले की उघड्या चिखलात रोहित पक्षी उतरतात आणि भिगवणला पर्यटकांच्या गाड्यांची रीघ लागते. हे पाणथळ माणसाने बांधलेले आहे आणि तिच्यात मूळचा आफ्रिकेचा चिलापी मासाही सुखेनैव नांदतो; तो स्थानिक माशांची जागा घेतो, ही गोष्ट वेगळी. मुद्दा असा की, उजनीच्या रोहितासाठी पुण्याचा माणूस पहाटे उठतो, आणि तेथून जवळच असलेल्या माळाकडे मात्र गाडीच्या खिडकीतूनही पाहत नाही. पाणथळीला निदान देखणेपणाचा आधार आहे. गवताला तोही नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणांचे व पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केले आहे. रेहेकुरीभोवतीची गायराने वृक्षारोपणाच्या आणि सौरप्रकल्पांच्या यादीतून वगळून 'गवताळ परिसंस्था' म्हणून नोंदवणे, काळविटाने खाल्लेल्या पिकाची भरपाई वेळेत देणे आणि मेंढपाळांचा चराईचा हक्क लेखी मान्य करणे, एवढी तीन कामे जिल्हा पातळीवर सुरू होऊ शकतात. त्यासाठी विमानाने काहीही आणावे लागणार नाही.