पासवाल्यांच्या खुर्च्या

मुंबईचे वानखेडे स्टेडियम कशातून उभे राहिले ठाऊक आहे? तिकिटांच्या भांडणातून! ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. तिथल्या सामन्यांना आपल्याला जागा किती, यावरून बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचे क्लबशी बिनसले. शेवटी शेषराव वानखेडे यांनी जवळच दुसरे मैदान उभारले. जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली.

जागा मागणाऱ्यांचेच ते घर. पुढे काय झाले? २ एप्रिल २०११ ला विश्वचषकाचा अंतिम सामना तिथे झाला. जागा सुमारे ३३ हजार. संलग्न क्लबांना सुमारे २० हजार, आंतरराष्ट्रीय परिषदेला साडेआठ हजार आणि सामान्य माणसाला विक्रीसाठी फक्त ४ हजार. आम्ही पडलो कारकून, हिशेब लगेच होतो : आठ खुर्च्यांत एक.

त्या दिवशी मैदान भरले होते, हे कबूल. पण ५ ऑक्टोबर २०२३ ला अहमदाबादेत विश्वचषकाचा पहिला सामना, इंग्लंड विरुद्ध न्यूझीलंड, सुरू झाला तेव्हा लाखाच्यावर खुर्च्यांपैकी बहुतेक रिकाम्या. वेळापत्रक जाहीर झाले २७ जूनला, तिकीटविक्री सुरू झाली २५ ऑगस्टला. हातावर पोट असणाऱ्याने रजा कधी टाकायची, रेल्वेचे आरक्षण कधी काढायचे? लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकमध्येही राखीव जागा ओस पडल्या. पण तिथे सैनिक, शिक्षक आणि शाळकरी मुलांना आणून बसवले. एवढे तरी केले!

फुकट पासाचे असेच असते. खिशातून पैसा गेलेला नसतो, म्हणून आले काय, न आले काय. आमच्या सोलापुरात एका कार्यक्रमाला आम्ही सहकुटुंब गेलो होतो. पुढच्या पाच रांगांवर ‘निमंत्रित’ अशा चिठ्ठ्या. त्यातल्या दोन रांगा शेवटपर्यंत मोकळ्या आणि मागे बाया कडेवर पोरं घेऊन उभ्या. आम्ही स्वयंसेवकाला विचारले, तर म्हणाला, “येतील हो साहेब.” कार्यक्रम संपला, कुणी आले नाही.

मोठ्या सामन्यांतही अर्ध्या तासात न भरलेली राखीव जागा खिडकीवर विकायला काय हरकत आहे? आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात आम्ही आता दहाव्या मिनिटाला चिठ्ठ्या काढतो आणि उभ्या असलेल्या बायांना पुढे बसवतो. मागच्या वेळी एक पुढारी उशिरा आले, कुरकुरले. मग मागच्या बाकावर बसले.