गुरबानीचे बळी कुणाच्या खात्यावर?

‘अंगात असलं तर माणूस चमकतोच, कोच काय मैदानात उतरतो?’ सोयाबीन निघून टेनिस बॉलचे सामने सुरू झाले की बोरी अरबसारख्या गावात हा सवाल येणारच. पुरावाही ठरलेला: उमेश यादव. वलनीच्या खाण कामगाराचा पोरगा, टेनिस बॉलवर वाढला आणि थेट भारताकडून खेळला.

पुरावा खरा, पण अर्धा. वेग उमेशचाच, तो कुणी शिकवला नाही. मात्र लेदर बॉलचा फारसा सराव नसलेल्या या पोरासाठी शब्द टाकला तो विदर्भाचे तेव्हाचे कर्णधार प्रीतम गंधे यांनी, आणि 2008 मध्ये उमेश रणजीत उतरला. असा वेग घेऊन किती पोरं शिवारातच राहिली, त्यांची नावं पुराव्यात येत नाहीत.

आता दुसरं टोक. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले आणि 2017-18 मध्ये विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली, पुढच्या वर्षी पुन्हा. म्हणून सगळं पंडितांचं, असं मानणारेही कमी नाहीत. मग हेच पंडित असताना कोलकात्याचा आयपीएल संघ 2023 मध्ये सातवा, 2024 मध्ये विजेता आणि 2025 मध्ये आठवा कसा? आणि विदर्भाने 2024-25 ची रणजी पंडितांविना, उस्मान घनींच्या हाताखाली जिंकलीच ना!

विदर्भाचा वेगवान गोलंदाज रजनीश गुरबानीचंच घ्या. 2017-18 च्या रणजीत दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यातली त्याची हॅट्ट्रिक म्हणजे तिन्ही त्रिफळे. यात ना यष्टिरक्षकाचा वाटा, ना स्लिपचा. मान्य. पण त्याआधी उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर काय झालं? कर्नाटकाकडे पहिल्या डावाची 116 धावांची आघाडी होती. विदर्भाच्या फलंदाजांनी दुसऱ्या डावात 313 काढल्या, कर्नाटकाला 198 हव्या होत्या आणि ते 192 वर आटोपले. गुरबानीचे दुसऱ्या डावात 7, सामन्यात 12 बळी. त्या 313 मधल्या फक्त सहा धावा कमी पडल्या असत्या, तर हेच 12 बळी पराभवाच्या बातमीत कोपऱ्यात गेले असते. हॅट्ट्रिकसाठी अंतिम सामनाच मिळाला नसता.

अमेरिकी फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक टॉम ब्रॅडीवरून हाच वाद. प्रशिक्षक बेलिचिकना सोडून त्याने टॅम्पा बे संघाकडून सातवं अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा ‘बघा, कोच लागत नाही’ म्हणणाऱ्यांना जोर चढला. त्या अंतिम सामन्यात दोन टचडाऊन त्याचा जुना जोडीदार ग्रॉन्कोव्स्कीचे होते, हे मात्र सोयीने विसरलं जातं.

कौशल्य खेळाडूचं, ते कुठल्या दिवशी, कुठल्या धावफलकावर मोजलं जाईल, हे बाकीचे दहा आणि प्रशिक्षक ठरवतात. आदित्य सरवटेने 2019 च्या अंतिम सामन्यात 11 बळी घेऊन विदर्भाला चषक दिला. 2025 च्या अंतिम सामन्यात तोच डावखुरा फिरकीपटू केरळकडून विदर्भासमोर उभा होता, आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर चषक पुन्हा विदर्भाकडेच आला.

म्हणून आमच्या क्रीडा मंडळांना एक सांगणं. ‘मॅन ऑफ द सिरीज’च्या बक्षिसासाठी आणि पुढाऱ्यांच्या फोटोंच्या फ्लेक्ससाठी वर्गणी निघते, तशी यंदा एका मॅटिंग विकेटसाठी आणि आठवड्यातून दोनदा येणाऱ्या प्रशिक्षकाच्या मानधनासाठी काढा.