ड्रिल मशीन आणि परिग्रहाची वही



दशलक्षण पर्वात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी परिग्रह परिमाणाची वही घेऊन बसले होते. साड्या मोजल्या, भांडी मोजली आणि माळ्यावरच्या पेटीत दोन बंद ड्रिल मशीन निघाली. दोन्ही सेलमधली, स्वस्तातली. एकाचा स्विच जळालेला. दुसरं बॅटरीचं, बॅटरी मेली आणि तो नमुनाच बंद झाल्यामुळे नवी मिळेना. स्वस्तात घेतलं म्हणजे काटकसर, असं आपण मानतो. पण वहीत दोन ओळी वाढल्या आणि भिंतीला भोक पाडायला घरात एकही यंत्र नाही, याला काय म्हणायचं?

माझं मत असं की, टिकाऊ यंत्र महाग पडलं तरी परिग्रह त्यानेच कमी होतो. वर्षातून चार-पाच वेळा लागणारं ड्रिल वायरचंच घ्यावं. लिथियमची बॅटरी नुसती ठेवली तरी जुनी होतेच. विटांच्या भिंतीत पडद्याचा रॉड, फळी, देव्हारा बसवायला 13 मिमी चकचं, 500 ते 600 वॅटचं इम्पॅक्ट ड्रिल पुरतं. स्लॅबसाठी रोटरी हॅमर लागतं. ते भाड्याने आणा. दुकानदार वॅटचे आकडे सांगत बसेल. तुम्ही विचारा, कार्बन ब्रश सुटे मिळतात का? ते झिजणारच, पण जोडी बदलली की मोटर पुन्हा चालते. गिअरचं घर धातूचं आहे का? गावात दुरुस्ती होते का? तिथे तो गप्प झाला तर सरळ उठून या.

मी असं एक घेतलं आणि दोन्ही जावांना सांगितलं, तुम्ही घेऊ नका, हेच न्या. यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे हिंसादान होईल." त्यांचं चुकलं नव्हतं. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत हिंसादान आहे आणि कुऱ्हाड, तलवार यांच्याबरोबर तिथे खणायचं हत्यारही सांगितलंय. ड्रिल म्हणजे कुदळीचंच नातवंड! दोन दिवस विचार केला. मला वाटतं, तिथे जीववधाला कारण होणारी वस्तू देण्याचा दोष सांगितलाय. म्हणून मी आधी काम विचारते आणि मगच देते. तीन घरांत तीन यंत्रं धूळ खात पडण्यापेक्षा हे बरं. तुमच्यापैकी कुणी महाराजांना विचारलं असेल तर जरूर कळवा.

यतना मात्र सोडायची नाही. काम दिवसाउजेडी करायचं, दिव्यावर किडे येतात. जुन्या भोकात बिट घालण्याआधी टॉर्च मारून बघायचं. मागच्या महिन्यात धाकट्या जावेकडे त्याच भोकात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं दिसलं. रॉड चार इंच बाजूला लावला. पडदा थोडा अपुरा पडतो, संध्याकाळचं ऊन आत येतं.