मगजीची मजुरी

यवतमाळ जिल्हा कापसाचा. दारव्हा, दिग्रस, वणीच्या बाजारांतून कापूस जिनिंगला जातो, गाठी बाहेर जातात, आणि थंडी पडली की पानिपतच्या पॉलिस्टर ब्लँकेटांचे ढीग आमच्याच दुकानांत येऊन पडतात. पिंजाऱ्याची धुनकी आता क्वचितच ऐकू येते. तरी सुती दुलईला गिऱ्हाईक आहे, आणि जाणते गिऱ्हाईक आधी काठ बघते.

बरोबरच आहे. दुलई फाटते ती काठाला. कापूस कोपऱ्यापर्यंत सारखा बसवून, मगजी दुमडून, जवळजवळ टाके घालायचे हे शेवटचे काम बायका घरी बसून करतात. आम्ही व्यापारी मजुरी देतो नगावर. दुलई लहान असो की मोठी, भाव एकच, दोरा तिचाच. दोरा वाचवायला टाका लांब पडतो, मग आम्हीच पैसे कापतो! आम्हीही वर्षानुवर्षे हेच केले.

अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ साली 'सेवा' उभी केली. पुढे चिंध्यांच्या खोळी शिवणाऱ्या बायका, त्यांत मुस्लिम पुष्कळ, तिच्यामार्फत मजुरीसाठी एकत्र आल्या. घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार झाला. भारताने तो मंजूर केलेला नाही. पण आपल्या दुकानाच्या हिशोबाला दिल्लीची परवानगी कशाला?

दोरा दुकानाने द्यावा, मजुरी मगजीच्या लांबीवर मोजावी, माल घेतानाच रोख द्यावी. गेल्या हिवाळ्यापासून आम्ही दोरा देतो. खर्च थोडा वाढला. उसवून परत येणाऱ्या दुलया कमी झाल्या.