परीटघडी : एका विशेषणाची उलटतपासणी

तृतीय वर्षाच्या वर्गात ग्रामीण कादंबरी शिकवताना आमच्यापैकी एकाने एका लेखकाच्या निवेदनाविषयी ‘ही भाषा परीटघडीची आहे’ असे विधान केले. विधानात नवे काहीच नव्हते. मराठी समीक्षेत हे विशेषण इतके रुळले आहे की ते उच्चारताना आपण काही बोललो आहोत याचेही भान राहत नाही. कृत्रिम, नीटनेटके, जगण्याचा मळ न लागलेले, मध्यमवर्गीय सुरक्षिततेतून आलेले असे जे जे आपल्याला नापसंत असते, ते सारे या एका शब्दात आपण घडी घालून ठेवतो.

तास संपल्यावर एक विद्यार्थी दाराशी थांबला. “सर, परीटघडी म्हणजे वाईट का?” असे त्याने विचारले. आम्ही अभ्यस्त उत्तर दिले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “माझे वडील घडी घालतात. सुरकुती राहिली नाही म्हणजे काम नीट झालं, असं आमच्या घरी समजतात.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर उत्तर देणे सोपे गेले असते. एका शब्दाचे दोन अर्थ त्याच्यापुढे होते आणि त्यातला कोणता परीक्षेत लिहायचा, एवढाच त्याचा प्रश्न होता. त्या प्रश्नाने आम्हां दोघांना बरेच दिवस अस्वस्थ केले. हे टिपण त्या अस्वस्थतेतून आले आहे.

‘परीटघडी’ या शब्दात प्रथम परीट आहे आणि नंतर घडी आहे. समीक्षेत मात्र परीट नाहीसा होतो आणि घडी तेवढी उरते. त्या घडीच्या मागे काय काय असे, हे एकदा क्रमाने पाहण्यासारखे आहे. घराघरांतून कपडे गोळा करायचे. कोणाचे कोणते हे चुकू नये म्हणून बिब्ब्याच्या रसाने काठावर बारीक खूण करायची. ती खूण कितीही धुतली तरी जात नसे. मग पांढरे आणि रंगीत, सुती आणि रेशमी असे वेगळे काढायचे. मळकट सुती कपडे खाराच्या पाण्यात भिजवून भट्टीवर वाफवायचे, घाटावर आपटायचे, खळ आणि नीळ द्यायची, वाळवायचे, पाण्याचा हबका मारून कोळशाच्या इस्त्रीखाली घालायचे आणि शेवटी घडी. इस्त्री किती तापली हे कळायला काटा नव्हता, हात होता. चुकला तर दुसऱ्याचे धोतर जळायचे.

गावगाड्यात परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभराच्या कामाबद्दल सुगीला धान्य मिळे आणि मानाचा वाटा जातीच्या उतरंडीने ठरलेला असे. शहरात रोख पैसे आले, पण काम तेच राहिले. मुंबईत महालक्ष्मीजवळचा धोबीघाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला. कचेऱ्यांतून आणि शाळांतून जो नवा वर्ग तयार होत होता, त्याला आपण ‘पांढरपेशा’ म्हणू लागलो. या शब्दातला पांढरेपणा कपड्यांचाच आहे. तो पांढरा रंग रोज कोणीतरी पुन्हा मिळवून देत होते, याची नोंद मात्र त्या शब्दात नाही. पांढरपेशाचा पोशाख परिटाने स्वच्छ केला. पुढे पांढरपेशा जगण्याचा तिटकारा आला तेव्हा त्या तिटकाऱ्याला नाव परिटाचे दिले गेले. हा अन्याय लहान असेल, पण शब्दांवर पोट भरणाऱ्यांनी तो लहान मानू नये.

असे करण्याची आपली सवय जुनी आहे. सीतात्यागाचे खापर आपण परिटाच्या माथी फोडतो. वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात लोकापवादाची वार्ता रामाला भद्र सांगतो. ती सर्वसाधारण नगरजनांची कुजबूज आहे आणि तेथे परिटाचा पत्ता नाही. परीट नंतरच्या कथापरंपरेने आणला. साऱ्या नगराचे बोलणे एका मुखात घालायचे झाले तेव्हा जे मूल्यवान मुख शोधले गेले नाही, ते मळ धुणाऱ्याचे शोधले गेले. याच समाजात शेंडगावच्या एका परीट कुटुंबात १८७६ साली डेबूजी झिंगराजी जाणोरकर जन्मले आणि गाडगेमहाराज म्हणून त्यांनी हातात खराटा घेतला. आता त्यांच्या नावाने विद्यापीठ आहे आणि ग्रामस्वच्छता अभियानही झाले. पण त्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातल्या समीक्षेतही ‘परीटघडी’ हा दोषच असणार, अशी आमची भीती आहे.

घाटाकडून आता दुकानाकडे यावे. आज आपण म्हणतो, ‘साडी ड्रायक्लीनला टाकली’. या शब्दातला पहिला अर्धा भाग फसवा आहे. त्यात कपडा कोरडा राहत नाही. तो चांगला भिजतो, फक्त पाण्यात नव्हे तर द्रावकात भिजतो. पाण्याने लोकर आणि रेशीम यांचे तंतू फुगतात. लोकरीवरचे सूक्ष्म खवले एकमेकांत अडकून ती आटते, रेशमाची झळाळी जाते, कच्चे रंग पसरतात. द्रावक तंतूंना फुगवीत नाही आणि तेल, तूप, मेण यांना सहज विरघळवतो. या पद्धतीचे जनकत्व बहुधा पॅरिसच्या जाँ-बाप्तिस्त जॉली याला देतात; मेजावरच्या कापडावर दिव्याचे तेल सांडले आणि तेवढा भाग स्वच्छ झाला, अशी आख्यायिका सांगतात. परंतु त्याच्याही आधी, १८२१ साली, न्यू यॉर्कमधील टॉमस जेनिंग्ज या कृष्णवर्णीय शिंप्याने कपडे ‘कोरडे घासण्या’च्या रीतीचे पेटंट घेतले होते. अमेरिकेत पेटंट मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय मानला जातो. मिळालेल्या पैशातून त्याने गुलामगिरीविरोधी चळवळीला साहाय्य केले. १८५४ मध्ये त्याची मुलगी एलिझाबेथ हिला घोड्यांच्या ट्रामगाडीतून बळाने उतरवले गेले, तेव्हा तिने दावा लावला आणि तो जिंकला. जेनिंग्जची रीत नेमकी काय होती हे मात्र आता कळणार नाही, कारण १८३६ साली पेटंट कचेरीला लागलेल्या आगीत तो कागद जळाला. घडी उरली आणि घालणारा गेला, याचे याहून चोख उदाहरण आम्हांला सुचत नाही.

टर्पेंटाइन आणि पेट्रोलजन्य द्रावके पेट घेत. विसाव्या शतकात परक्लोरोएथिलीन आले. ते पेटत नाही, पाण्यापेक्षा जड असते आणि ऊर्ध्वपातनाने पुन्हा वापरता येते, म्हणून ते जगभर पसरले. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने त्याला ‘मानवात कर्करोग संभवनीय’ अशा गटात ठेवले आहे. कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये ठरवून २०२३ च्या आरंभापर्यंत या धंद्यातून त्याला हद्दपार केले. आपल्याकडे अनेक लहान दुकाने पेट्रोलजन्य द्रावकांवर चालतात. त्यांचा धोका वेगळा, आगीचा. दोन्हींत श्वास घेणारा माणूस गिऱ्हाईक नसतो. आपल्यापर्यंत येतो तो प्लॅस्टिकच्या पिशवीतला किंचित वास. तो वास दिवसभर घेणारा माणूस आपण कधी पाहिलेला नसतो.

येथे आमचीच एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमच्यापैकी एकीने आईची पैठणी एका लग्नात नेसून नंतर शहरातल्या एका चकचकीत दुकानात ड्रायक्लीनला टाकली. परत आली तेव्हा पदराजवळ तळहाताएवढा तपकिरी डाग होता, जो देताना दिसत नव्हता. दुकानदाराने पावतीच्या पाठीवरच्या बारीक इंग्रजी अटींवर बोट ठेवले. साडी नेमकी कोणी धुतली, असे विचारले, तर कपडे शहराबाहेरच्या एका कारखान्यात जातात आणि तेथे पाळ्या बदलतात, असे उत्तर मिळाले. साडीला पिन केलेला क्रमांक होता. बिब्ब्याची खूण कपडा कोणाचा हे सांगत असे आणि धुणाराही ओळखीचा असे. या क्रमांकाने दोन्ही बाजूंची माणसे पुसून टाकली होती.

पुढे त्या विद्यार्थ्याच्या घरी जाण्याचा योग आला. आम्हीच तो आणला, असे म्हणणे अधिक खरे. वर्गात येऊन घडीविषयी बोलशील का, असे त्याला विचारले होते, त्यावर तो म्हणाला, “ते वडिलांनाच विचारा.” रस्त्याच्या कडेला, एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचे टेबल आहे. पैठणी त्यांनी उजेडात धरली, डागावरून बोट फिरवले आणि विचारले, “मॅडम, लग्नात सरबत सांडलं होतं का?” सांडले होते. लिंबाचे सरबत, वाळल्यावर दिसेनासे झाले म्हणून कोणी लक्ष दिले नव्हते. “साखरेचा डाग आहे. ड्रायक्लीनमध्ये साखर जात नाही, तिला पाणीच लागतं. वरून गरम इस्त्री फिरली की ती करपते. तुम्ही सांगायला पाहिजे होतं, आणि त्यांनी विचारायला पाहिजे होतं.”

दोन्ही पक्षांचा न्याय एका वाक्यात झाला. मग त्यांनी साडीची घडी घालून दाखवली. दर वेळी घडी जुन्याच रेघेवर पडली तर जर तिथे तुटते, म्हणून वर्षातून दोन-तीनदा उलगडून घडीची जागा बदलायची. मलमलीत गुंडाळायची, प्लॅस्टिकमध्ये कोंडायची नाही. ते बोलत होते आणि हात आपोआप चालत होते. आमच्या मनात आले की संहितेविषयी इतक्या काळजीने बोलणारे समीक्षक आम्ही फार पाहिलेले नाहीत. डाग कशाचा आहे हे ठरवल्याशिवाय द्रावक निवडायचे नाही, हे तत्त्व त्यांना अवगत होते. आम्ही मात्र विद्यार्थ्यांच्या निबंधांतून त्यांच्या बोलीचे शब्द लाल शाईने काढत असताना तो मळ आहे की रंग, हे किती वेळा पाहिले होते?

यावर एक रास्त आक्षेप येईल. हा सारा गतकाळाचा गहिवर नव्हे काय? बलुतेदारीत परिटाला काय सुख होते? घाटावर कंबरभर पाण्यात आयुष्य काढणाऱ्यांना यंत्राने सोडवले असेल, तर त्यात रडण्यासारखे काय आहे? आक्षेप आम्हांला मान्य आहे. जन्माने गळ्यात पडलेले काम परत यावे, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीही “हा इस्त्रीला उभा राहणार नाही” हे आम्हांला पहिल्या पाच मिनिटांत बजावले. यंत्र यावे, द्रावक निरुपद्रवी यावे, कामगाराला हवेशीर जागा आणि संरक्षण मिळावे. आमचे म्हणणे एवढेच आहे की काम यंत्राकडे गेले तरी त्यामागचा माणूस आपल्या भाषेतून पुसला जाऊ नये, आणि उरलाच तर तो शिवी म्हणून उरू नये.

‘परीटघडी’ हा शब्द समीक्षेतून काढून टाकावा, असेही आम्ही म्हणत नाही. शब्दांवर बंदी घालण्याने शब्दांतली माणसे परत येत नाहीत. पण तो वापरताना दोष कोणाचा, हे नेमके सांगावे. ज्याने कपडा स्वच्छ केला त्याने आपले काम चोख केलेले असते. जो लेखक जगण्यात न उतरता दुसऱ्याच्या श्रमाने आलेली स्वच्छता अंगावर मिरवतो, दोष त्याचा आहे. त्याच्यासाठी दुसरे विशेषण शोधणे आपल्याला जड जाऊ नये. मराठी इतकी दरिद्री नाही. आणि कोणाचे गद्य खरोखर जागच्या जागी बसलेले, ताणलेले, सुरकुती नसलेले असेल, तर ते परीटघडीचे आहे असे प्रशंसेने म्हणून पाहावे. प्रथम कानाला खटकेल. खटकू द्यावे.

पुढच्या तासाला आम्ही वर्गात आमचे विधान मागे घेतले आणि का घेतले तेही सांगितले. तो विद्यार्थी मागच्या बाकावर होता. त्याने मान वर केली नाही, वहीत काहीतरी खोडले आणि बाजूला काहीतरी लिहिले. काय लिहिले ते आम्ही विचारले नाही. पैठणीवरचा डाग मात्र पुष्कळसा फिका झाला आहे. कोमट पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ फडक्याने, मागच्या बाजूने, टिपत टिपत, तीन दिवसांत. पैसे देऊ केले तेव्हा त्यांनी फक्त इस्त्रीचे घेतले.