कृपा की पगार? मुंबईच्या गिरणी बोनसची शंभर वर्षे

दिवाळी जवळ आली की मुंबई महापालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या 'सानुग्रह अनुदाना'ची बातमी येते. सानुग्रह म्हणजे कृपापूर्वक. खाजगी कंपन्यांच्या नेमणूकपत्रांत हीच कृपा 'व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार' अशा शब्दांत अवतरते. पगारातला कोणता भाग हक्काचा आणि कोणता मर्जीचा, या प्रश्नावर १९२४ च्या आरंभी मुंबईतील दीड लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर होते.

पहिल्या महायुद्धात महागाई भडकली आणि गिरण्यांचा नफाही. १९१७ मध्ये मालकांनी पगारावर १० टक्के वाढ युद्धबोनस म्हणून दिली. पुढे ती १५ टक्के झाली. १९१९ पासून वार्षिक बोनसही मिळू लागला. मूळ पगार एकदा वाढवला की उतरवणे कठीण. वेगळ्या नावाने दिलेला पैसा मात्र थांबवता येतो. मालकांचा हिशेब बहुधा हाच असावा, आणि आजही अनेक कचेऱ्यांत तोच चालतो.

पण दरसाल हाती पडणारी रक्कम कामगाराच्या घरी कृपा म्हणून राहत नाही. वाण्याची उधारी आणि कोकणात धाडायची मनीऑर्डर तिच्या भरवशावर ठरते. १९२३ सालाचा बोनस मिळणार नाही असे ठरले, तेव्हा कामगारांच्या लेखी ती पगारकपातच होती.

सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती नॉर्मन मॅक्लिऑड यांची समिती नेमली. रूढी, कायदा वा न्यायबुद्धी, कशाच्याही आधारे बोनसवर कामगारांचा अंमलबजावणीयोग्य हक्क सिद्ध होत नाही, असा तिचा निर्णय झाला. मार्चमध्ये संप मोडला.

मालक जिंकले आणि त्या विजयातून चुकीचा धडा शिकले. १९२५ मध्ये त्यांनी थेट पगारातच साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. पुन्हा गिरण्या बंद पडल्या. डिसेंबरमध्ये सरकारने कापडावरील साडेतीन टक्के अबकारी कर स्थगित केला, तेव्हा कुठे कपात मागे घेतली गेली. मालकांना हवी असलेली करमाफी कामगारांच्या उपासमारीतून मिळाली, ही बाब इतिहासात सहसा हळू आवाजात सांगितली जाते.

१९५० मध्ये कामगार अपील न्यायाधिकरणाने, पुन्हा मुंबईच्या गिरण्यांच्याच वादात, वेगळी भूमिका घेतली: नफ्यात भांडवल आणि श्रम दोहोंचा वाटा आहे, म्हणून बोनस ही बक्षिसी नव्हे. घसारा, यंत्रांचे नूतनीकरण, कर, भांडवलावरील परतावा वजा करून उरलेल्या शिलकीत कामगारांचा भाग धरला गेला. १९५६ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ आले: पगार वा भत्त्यांत कामगाराच्या हिताविरुद्ध बदल करायचा, तर २१ दिवसांची पूर्वसूचना हवी.

म्हणून वाढ देतानाच मालकाने लेखी सांगावे, की ती कायमची आहे की त्या वर्षापुरती, आणि कोणत्या आकड्यावर बेतलेली. वर्ष वाईट गेले तर ताळेबंद उघडून दाखवावा, तोही सणाच्या तोंडावर नव्हे. मर्जीच्या कलमाआड लपणे कायद्यात बसेलही; मॅक्लिऑड समितीपुढे ते बसलेच होते.

बोनसचा स्वतंत्र कायदा १९६५ मध्ये झाला. त्यातील किमान दर पुढे ८.३३ टक्के ठरला. हिशेबात धरायच्या पगाराला कमाल मर्यादा आहे, परंतु ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, एक महिना.