कुंडमळ्याचा पूल ‘धोकादायक’ ठरला होता. मग बंद का झाला नाही?

मावळ : १५ जून २०२५, रविवार. दुपारी साडेतीनच्या सुमारास इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि पुलावर उभी असलेली माणसं थेट पुराच्या पाण्यात पडली. चार जणांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. स्थानिक तरुण, पोलीस, अग्निशमन दल आणि एनडीआरएफच्या जवानांनी धाव घेतली म्हणून आकडा आणखी वाढला नाही. मुख्यमंत्र्यांनी मृतांच्या वारसांना पाच लाखांची मदत जाहीर केली, राज्यभरातल्या पुलांचं स्ट्रक्चरल ऑडिट करण्याचे आदेश सुटले.

या दुर्घटनेत एक गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. पूल धोकादायक आहे हे गावाला माहीत होतं आणि प्रशासनालाही. तसा फलक पुलाजवळ लावलेला होता. नव्या पुलासाठी सुमारे आठ कोटी रुपये मंजूर होते. कामाचा कार्यारंभ आदेशही दुर्घटनेच्या काही दिवस आधी निघाला होता. म्हणजे माहिती नव्हती असं नाही आणि पैसा नव्हता असंही नाही. तरीही त्या रविवारी पूल उघडाच होता.

‘धोकादायक’ ठरवणं आणि ‘बंद’ करणं या दोन गोष्टींच्या मध्ये जो काळ जातो, तो काळ सांभाळायची जबाबदारी नेमकी कुणाची? मावळातल्या प्रत्येक जुन्या पुलाला आणि साकवाला हा प्रश्न लागू आहे.

‘गर्दीमुळे पडला’ हे अर्धंच उत्तर

घटनेनंतर पहिलं बोट पर्यटकांकडे गेलं. पुलावर शंभराहून अधिक माणसं होती, काही दुचाकीही घातल्या होत्या, फलक असूनही कुणी ऐकलं नाही, असं सांगितलं गेलं. त्यात तथ्य आहेच. शेतकऱ्यांना नदी ओलांडता यावी म्हणून सुमारे तीस वर्षांपूर्वी बांधलेला तो अरुंद पूल होता. पाणी बघायला तासन्‌तास उभं राहायची ती जागा नव्हती.

पण थोडा हिशेब मांडून बघू. पादचाऱ्यांचा भार धरताना इंडियन रोड काँग्रेसच्या मानकात साधारण ठिकाणी दर चौरस मीटरला ४०० किलो आणि गर्दीच्या ठिकाणी ५०० किलो धरतात. समजा चार फूट रुंद आणि शंभर फूट लांब असा एक गाळा आहे. त्याचं क्षेत्रफळ भरतं सुमारे ३७ चौरस मीटर. ४०० किलोने धरलं तरी तो जवळपास १५ टन पेलायला हवा. शंभर माणसं, सरासरी ६० किलोची, म्हणजे सहा टन. वर चार-पाच दुचाकी धरा, फार तर अर्धा-पाऊण टन.

म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेला आणि नीट राखलेला पादचारी पूल शंभर माणसांनी पडायला नको. तो पडतो तेव्हा लोखंड आतून संपलेलं असतं. मावळात लोखंड किती झपाट्याने संपतं हे इथल्या पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पुणे शहरात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, लोणावळ्यात तो चार हजारांच्या पुढे जातो. चार महिने ओल, धुकं, खालून नदीचे तुषार. अशा जागी जोड, नट-बोल्ट आणि टेकूजवळचा भाग दरवर्षी खरवडून, तपासून, रंगवावा लागतो. दोन-चार वर्षं हे झालं नाही की गंज रंगाखालून काम करत राहतो. वरून पूल धड दिसतो, आत पत्रा कागदासारखा होतो.

गर्दी हे शेवटचं निमित्त झालं. पूल त्याच्या कितीतरी आधीपासून कमजोर होत गेला होता.

फाईलचं वर्ष आणि पावसाचं वर्ष

आता आठ कोटींच्या पुलाकडे येऊ. ग्रामीण भागातलं कुठलंही बांधकाम एका ठरलेल्या वाटेने जातं. आधी मागणी, मग अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश. प्रत्येक पायरीला कारण आहे. सार्वजनिक पैसा आहे, तपासणी हवीच. पण ही वाट मार्च अखेरच्या हिशेबाने चालते. निधीची घाई मार्चमध्ये, निविदा त्यानंतर, आणि आदेश हातात पडतो तो मे-जूनमध्ये.

मावळात नदीच्या पात्रात काम करायचं तर हातात असतात फक्त कोरडे महिने, दिवाळीपासून मेपर्यंत. पाया खोदणं, पात्रातले खांब उभे करणं ही कामं तेव्हाच होतात. जूनमध्ये निघालेला आदेश म्हणजे प्रत्यक्षात दिवाळीनंतरचा आदेश. २०२५ मध्ये तर मान्सून २६ मे रोजीच पुण्या-मुंबईत दाखल झाला होता. आदेशावर सही होईपर्यंत इंद्रायणी चढलेली होती.

कागदावर काम ‘सुरू’ दाखवता येतं, पण गावाच्या वाट्याला आणखी एक पावसाळा जुन्याच पुलावर येतो. हे केवळ कुंडमळ्याचं नाही. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, कुठेही विचारा. साकवाचं किंवा मोरीचं काम पावसाच्या तोंडावर सुरू झालं, पहिल्याच पुरात भराव वाहून गेला आणि वळणरस्ताही गेला, अशी उदाहरणं लोक बोटांवर मोजून दाखवतील.

यावर उपाय फार अवघड नाही. पात्रातल्या कामांचं वेळापत्रक मार्चवरून नव्हे, पावसावरून उलटं मोजायचं. मे महिन्यात पाण्याच्या वर काम यायला हवं असेल तर आदेश ऑक्टोबरमध्ये हवा. आदेश ऑक्टोबरमध्ये हवा तर निविदा भर पावसाळ्यात निघायला हवी, कारण टेबलावरचं काम पावसात थांबत नाही.

आणि हे जमतं, याचं उदाहरण फार लांबचं नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्यासोबत दोन एसटी बसही गेल्या. त्याच नदीवर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये, पुढचा पावसाळा अंगावर यायच्या आत, सुरू झाला. अर्थात तो राष्ट्रीय महामार्ग होता आणि सगळ्या राज्याचं तिकडे लक्ष होतं. पण यंत्रणेला वेग घेता येतो हे तिथे दिसलं. अडचण एवढीच की तो वेग माणसं गेल्यानंतर आला.

डागडुजीचं भूमिपूजन होत नाही

गावच्या राजकारणात दोन आकडे कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतात, ३०५४ आणि ५०५४. पहिलं लेखाशीर्ष प्रामुख्याने रस्ते-पुलांच्या देखभालीचं, दुसरं नव्या बांधकामाचं. कुठल्याही आमसभेत जाऊन बघा, नव्या कामाच्या यादीवर भांडणं होतात, देखभालीच्या यादीवर क्वचितच कुणी बोलतं. नव्या कामाला भूमिपूजन असतं, नारळ असतो, फलकावर नावं असतात. जुन्या पुलाचे बोल्ट बदलले, रंग दिला, तर त्याचा फोटो कुणी काढत नाही.

देखभालीचा जो निधी येतो तो आधी खड्ड्यांत जातो, कारण खड्डा दिसतो आणि त्यावर लोक रोज बोलतात. पुलाचा सांधा पुलाखाली असतो, तो बघायला कुणीतरी खाली उतरावं लागतं. सार्वजनिक बांधकाम विभागात पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पुलांची पाहणी करायची पद्धत आहे. पण ती पद्धत रस्त्याच्या नोंदवहीवर चालते. राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग अशी वर्गवारी असते आणि त्या त्या रस्त्यावरचा पूल त्या त्या विभागाकडे जातो. शेतावर जायला, दूध डेअरीत पोचवायला, देवळात जायला बांधलेले छोटे पूल यात कुठे बसतात? बरेचदा बांधणारा एक, वापरणारा दुसरा आणि नोंद तिसऱ्याच ठिकाणी. नोंदच नसेल तर ऑडिटच्या यादीतही तो पूल येणार नाही.

म्हणून ‘सगळ्या पुलांचं ऑडिट करा’ या आदेशाआधी ‘सगळ्या पुलांची यादी करा’ हे काम आहे. सावित्रीनंतरही ऑडिटचे आदेश निघाले होते.

पूल एकाचा, गर्दी दुसऱ्याची

मावळ तालुक्याची रचनाही गुंतागुंतीची आहे. तळेगावचा पट्टा आणि कुंडमळा पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, तर कामशेत, लोणावळा पुणे ग्रामीण पोलिसांकडे. गावात ग्रामपंचायत, रस्ता जिल्हा परिषदेचा किंवा बांधकाम विभागाचा, विकास आराखडा पीएमआरडीएचा, नदी जलसंपदा विभागाची, डोंगर वन विभागाचा.

लोणावळ्याच्या भुशी धरणाचंच बघा. धरण रेल्वेचं, वरचे धबधबे वन विभागाच्या हद्दीत, वाहतूक आणि बंदोबस्त पोलिसांकडे, पर्यटकांचा भार नगरपरिषदेवर. ३० जून २०२४ रोजी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तेव्हाही पहिला प्रश्न हाच आला, की ही जागा नेमकी कुणाच्या ताब्यात?

दरवर्षी पावसाळ्यात जिल्हाधिकारी पर्यटनस्थळांवर बंदी आदेश काढतात. भुशीसारख्या नावाजलेल्या ठिकाणी बंदोबस्त कडक झाला की गर्दी थांबत नाही, ती सरकते. रील बघून नवी जागा शोधते. कुंडमळ्यासारखी गावं अशी अचानक नकाशावर येतात. वाहनतळ नाही, कठडा नाही, एक पोलीस शिपाई नाही आणि मधोमध तीस वर्षांचा शेतकऱ्यांचा पूल.

बंद करणं सोपं नसतं, पण अशक्यही नसतं

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. पूल बंद करणं म्हणजे पत्रा ठोकला आणि झालं, असं नसतं. पलीकडे शेत आहे, जनावरं आहेत, कुणाचं पोर शाळेत जातं. वळसा पडतो. म्हणून अधिकारी फलक लावून थांबतात आणि गावकरीही ‘आपलं चालू द्या’ म्हणतात. फलकाने सगळ्यांची सोय होते. बंद केल्याची तक्रार येत नाही आणि उद्या काही झालंच तर ‘इशारा दिला होता’ असंही म्हणता येतं.

पण कायद्याने हात बांधलेले नाहीत. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ३४ मध्ये आपत्तीचा धोका समोर असताना जिल्हा प्राधिकरणाला वाहतूक रोखण्याचे, तात्पुरते पूल उभारण्याचे आणि जनतेला धोकादायक ठरणारी बांधकामं पाडण्याचेही अधिकार आहेत. बंद करणं आणि तात्पुरती सोय करणं, दोन्ही एकाच कलमात आहे.

इच्छा असली की काय होतं हे खंडाळ्याच्या घाटाने पाहिलं आहे. द्रुतगती मार्गावरचा १८३० सालचा अमृतांजन पूल वाहतुकीला अडचण ठरत होता. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ता रिकामा मिळाला आणि नियंत्रित स्फोटाने तो उतरवला गेला. तिथे अडत होती ती मुंबई-पुण्याची वाहतूक. कुंडमळ्याला मात्र कुणाचीच गाडी अडत नव्हती.

गावांनी काय विचारायचं?

पुढच्या पावसाळ्याआधी प्रत्येक ग्रामसभेला काही साधे प्रश्न ठरावात घेता येतील. आपल्या हद्दीतल्या प्रत्येक पुलाची आणि साकवाची नोंद कुठल्या विभागाकडे आहे? शेवटची पाहणी कधी झाली, कुणी केली, अहवाल कुठे आहे? धोकादायक ठरलेला पूल कुठल्या तारखेपासून बंद होणार आणि तोवर जायची सोय काय? नव्या पुलाचा आदेश ऑक्टोबरपर्यंत निघणार की पुन्हा जूनमध्ये? उत्तर मिळालं नाही तर हेच प्रश्न माहिती अधिकारात विचारता येतात, अर्जाला दहा रुपये लागतात.

आणि गावकऱ्यांनीही एक गोष्ट ठरवायला हवी. पूल बंद झाला की तो उघडा म्हणून फोन करायचा नाही. तात्पुरत्या पर्यायासाठी फोन करायचा.